स्थगितीतला साक्षीदार

ती केस आठवली की आधी माझी फजिती आठवते. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून, साक्षीदाराला घेऊन मी कल्याणच्या कोर्टात हजर, आणि खटल्याला आदल्याच दिवशी हायकोर्टाची स्थगिती! तिथला कारकून म्हणाला, "साहेब, फोन तरी करायचा!"

साक्षीदार म्हणजे आमच्या हद्दीतले एक म्हातारे शेतकरी; आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. एका सकाळी नाल्यात अडकलेली म्हैस काढायला त्यांचा मुलगा उतरला आणि विषारी वासाने जागीच गेला. वर केमिकलचा टँकर उभा होता, पाइप नाल्यात. शेजारी उभं राहून हुकूम सोडणाऱ्या माणसाला बाबांनी दहा पावलांवरून पाहिलं होतं.

टँकरची खबर एका पंक्चरवाल्याने दिली. "नंबरप्लेट नवी लावली साहेब, पण टायरला पॅच माझाच आहे." ड्रायव्हर सापडला, पण दोन दिवस गप्प. मी टेबलावर हात आपटला. हात माझाच सुजला. शेवटी हवालदाराने गेलेल्या मुलाचं वय सांगितलं, तेव्हा तो रडला. "शेठ स्वतः उभे होते." शेठ म्हणजे टँकरचा मालक.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. जामीन मिळताच ड्रायव्हर पसार झाला. सगळी केस बाबांच्या डोळ्यांवर उभी. ओळख परेडमध्ये त्यांनी शेठला बरोबर ओळखलं. पण तेवढ्याने भागत नाही; कोर्टात पुन्हा ओळखावं लागतं.

मग शेठ हायकोर्टात गेला. ज्या कलमाखाली मालकाला जबाबदार धरलं, ते कलमच घटनाबाह्य आहे म्हणून. त्याचा निकाल लागेपर्यंत खटला बंद. मागणं त्याच्या हक्काचं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बाबांना काचबिंदू होता. दर दोन-तीन महिन्यांनी ते पोलीस ठाण्यात यायचे.

"सायब, मना दिसतं तवर बोलवा."

"बाबा, वर केस आहे. आपल्या हातात काय नाही." मी चहा पाजायचो आणि रिक्षात बसवून द्यायचो. त्यात मला फार माणुसकी केल्यासारखं वाटायचं.

काही वर्षांनी कलम वैध ठरलं. खटला सुरू झाला तेव्हा बाबा नातीचा हात धरून आले. सरकारी वकिलांनी विचारलं, "तो माणूस इथे आहे का?"

बाबा भिंतीकडे बघत राहिले. "त्याला बोलायला सांगा. आवाज वलखीन मी."

शेठ गप्प उभा राहिला. बोलायची सक्ती त्याच्यावर नव्हती.

बाहेर आल्यावर बाबांनी नातीला विचारलं, "कुठं उभा व्हता गो?"

"समोरच, आजोबा."

शेठ सुटला. नंतर सरकारी वकील मला जिन्यात म्हणाले, "त्यांची नजर जातेय हे कळवलं असतंत, तर हायकोर्टाची परवानगी मागून साक्ष आधीच नोंदवून घेता आली असती." पुढे नोकरी होती तोवर, स्थगिती आली की मी आधी साक्षीदारांचं वय आणि दुखणी विचारून घ्यायचो. त्या घराला त्याचा काय उपयोग?

शेठ सुटला त्या संध्याकाळी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, "काय करणार, स्थगिती होती. हात बांधलेले."

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तोंड तर मोकळं होतं ना?"