दांडीला पोहोचणारा स्कोअर

बोईसरच्या पोलीस ठाण्यात असताना मी खून पाहिले, कारखान्यांतल्या चोऱ्या पाहिल्या. त्यांतल्या आरोपींचे चेहरे आता नीट आठवत नाहीत. ज्या प्रकरणात गुन्हाच निघाला नाही, ते मात्र मनातून जात नाही.

तक्रारदार एका रासायनिक कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. घटस्फोटानंतर मुलीचा ताबा त्यांच्याकडे आला होता. मुलगी नववीत होती, टेनिस खेळायची. तिच्या प्रशिक्षकाला मोबाइलवरच्या एका स्कोअर अ‍ॅपमध्ये तिचे सामने दिसले. कोणीतरी प्रत्येक पॉइंट त्याच क्षणी भरत होतं. वडिलांना सट्ट्याचा संशय होता. त्याहून मोठी धास्ती होती, मुलीला कोणी पळवून नेईल याची. मी ठाणे अंमलदाराला तक्रारीची नोंद घ्यायला सांगितली.

खबर टेनिस कोर्टाच्या वॉचमनने दिली. एक बाई तोंडाला ओढणी बांधून जाळीपलीकडे उभी राहते आणि खेळ पाहत फोनवर बोट चालवते. पुढच्या सामन्याला साध्या वेशातली महिला शिपाई तिथे बसवली. बाई सापडली. ती पळाली नाही. चालू सेट संपेपर्यंत थांबा, एवढंच तिने विनवलं.

ठाण्यात तिने नाव सांगितलं, गाव किनाऱ्यावरचं दांडी सांगितलं आणि गप्प बसली. दरडावून उपयोग नव्हता. स्वतःसाठी घाबरलेला माणूस लवकर बोलतो. दुसऱ्याला सांभाळणारा बोलत नाही. तिच्या संमतीने फोन पाहिला. सट्ट्याचा मागमूस नव्हता. प्रत्येक सामन्याची लिंक एकाच नंबरवर गेली होती. नंबर कोणाचा, असं विचारताच तिचा बांध फुटला.

"माज्या बहिनीचा, साहेब. ती पोरीची आई हाय. अंतरुनावरनं उठत नाय. बाप पोरीला भेटू देत नाय, म्हनून मी तिला खेळ कळवते."

खातरजमा करायला मी स्वतः दांडीला गेलो. घराच्या ओटीवर बोंबील वाळत होते. आत खाटेवर मुलीची आई पडून होती, हाडांचा सापळा झालेली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. उशाशी फोन होता. तिने तक्रार केली नाही. बहिणीला सोडाल ना, एवढंच विचारलं.

जबाब घेऊन बाईला संध्याकाळच्या आत सोडलं. तक्रारदारांना बोलावून सगळं सांगितलं. आईनेच तुला टाकलं, असं त्यांनी मुलीला सांगून ठेवलं होतं. आता ते कसं फिरवायचं? शेवटी म्हणाले, "साहेब, स्पर्धा संपू द्या. मग मीच तिला घेऊन जातो." मावशीला जाळीच्या आत बसू द्यायला मात्र ते तयार झाले. मी आग्रह धरला, पण बापाला हुकूम करण्याचा अधिकार मला नव्हता.

अंतिम सामन्याला मी गेलो, मावशीशेजारी बसलो. पहिला सेट मुलीने जिंकला. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला दांडीहून फोन आला. मावशीने ऐकलं आणि पुन्हा स्कोअर भरू लागली. मी हळूच विचारलं, काय झालं?

"गेली," ती म्हणाली.

"मग आता हे कोणासाठी?"

"ह्या मॅचची ती वाट बगत होती. अर्दीच कशी सोडू?"

शेवटच्या पॉइंटपर्यंत तिने एकही चुकवला नाही. मुलगी जिंकली. मी बातमी कानावर घातल्यावर वडील तिला बाजूला घेऊन गेले आणि सगळं सांगू लागले. दुरून मला एवढंच दिसलं, की ती बापाचा हात झटकून मावशीकडे धावत आली. तिने एकच विचारलं: आईला पहिला सेट कळला होता का? कळला होता, मावशीने सांगितलं.

कागदोपत्री प्रकरण त्याच आठवड्यात निकाली निघालं. त्यानंतर कोणी 'अनोळखी व्यक्ती मुलावर पाळत ठेवते' म्हणून आलं, की तक्रार लिहून घेतल्यावर मी आणखी एक विचारत असे: या मुलाला कोणाला भेटू दिलं जात नाही? उत्तर द्यायला लोक वेळ लावत. मग एका बापाने स्पर्धा संपेपर्यंत वेळ लावला, तेवढ्यात तिकडे दांडीत काय झालं होतं, ते मी त्यांना सांगत असे.