कडेवरचं नाव

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे चकाकी म्हणत. धंदाच तो: पितळी नळ, कड्या, दाराच्या मुठी फिरत्या चाकावर धरून लख्ख करायच्या. आणि छंद कसला, तर लढाईवर गेलेल्यांची पदकं जमवायचा! घरात बसायला धड खुर्ची नाही, पण मेलेल्या खलाशांसाठी काचेचं कपाट. मला तिथं फडकंसुद्धा लावू देत नसत.

एकदा भंगारात नौदलाचं एक काळवंडलेलं पदक मिळालं. कडेवर बारीक कोरलेलं नाव, नंबर आणि हुद्दा: बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा. झालं! हे हात धुऊन त्या माणसाच्या मागे लागले. कुठल्या बोटीवर चढला, कुठल्या बंदरात आजारी पडला, सगळं शोधलं. पण त्याची शेवटची बोट बुडाली, तिच्याबरोबर हजेरीचे कागदही गेले.

शेवटी त्याची मुलगी सापडली. म्हातारी, एकटी.

"बाप बोट सोडून पळाला म्हणतात," ती म्हणाली. "आई पळपुट्याची बायको म्हणूनच मेली. मलाही ऐकवतात अजून."

"अहो आजी, पळालेल्याच्या नावाचं पदक काढतच नाहीत! कडेवर त्यांचं नाव कोरलंय. रविवारी आणतो. दाखवा सगळ्यांना."

रविवारी मीही गेले. म्हातारीनं शेजारीपाजारी जमवले होते. सगळ्यात जास्त टोमणे मारणारा चुलतभाऊ मुद्दाम पुढं बसवलेला. ह्यांनी कागदाची पुडी उघडली. पदक आरशासारखं चमकलं. म्हातारी रडायलाच लागली.

चुलतभावानं चष्मा लावला, पदक फिरवून फिरवून पाहिलं. "नाव कुठाय?"

ह्यांनी ते ओढून घेतलं, खिडकीपाशी नेलं. कड गुळगुळीत होती.

मीही खिडकीपाशी धावले. "अहो, चाकावर धरलंत?"

"म्हातारीच्या हातात काळं कसं द्यायचं..." हे कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मेली ती हाताची जन्माची सवय! मुठीची कड घासावी तशी पदकाची घासली होती.

"नाव होतं, मी स्वतः वाचलंय," मी ओरडले.

"मग तेही पळालं वाटतं!" चुलतभाऊ म्हणाला. सगळे हसले.

म्हातारीनं डोळे पुसले. पदक पुन्हा पुडीत बांधलं आणि ह्यांच्या हातावर ठेवलं.

"घेऊन जा, बाबा. ज्याचं असेल त्याच्या घरी द्या."