हात केला की थांबणारं तट्टू

आमच्या रायडिंग क्लबात जातिवंत जनावरं पुष्कळ होती. घोडेही होते तीन-चार.

माझा तिथे शिरकाव झाला तो हरभऱ्याच्या पोत्यांमुळे. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मार्केट यार्डात भुसार मालाचं दुकान होतं आणि क्लबातल्या घोड्यांची चंदी आमच्याकडून जायची. एकदा पोतं उतरवायला हमाल आला नाही, म्हणून मीच ते ट्रकमधून ओढून तबेल्यात नेलं. ते क्लबच्या सेक्रेटरींनी पाहिलं आणि अण्णांना म्हणाले, "अहो, मुलगी चांगली दणकट आहे. आमच्या संघात द्या." दणकट हा शब्द त्यांनी सौजन्यानं वापरला. मी पहिल्यांदा खोगिरावर बसले तेव्हा तट्टूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं की पोतं अजून उतरवलं कसं नाही.

खेळ सोपा होता. पाहणाऱ्याला. चार स्वार, चार तट्टं, एकामागून एक धावायचं. कधी खांबांमधून नागमोडी, कधी टांगलेले पत्र्याचे मग उचलत, कधी खाली उडी मारून जमिनीवरचा पायमोजा घ्यायचा आणि पुन्हा उडी मारून वर बसायचं. एक स्वार परत आला की हातातली वस्तू दुसऱ्याला द्यायची, मग दुसरा सुटणार. लहानपणी आम्ही लिंबू-चमच्याची शर्यत खेळायचो तीच ही, फक्त लिंबाला इथे स्वतःचं मत होतं.

क्लबाकडे तट्टं तीनच होती. चौथं आलं चाचांबरोबर.

चाचा म्हणजे स्टेशन ते मंडई चाळीस वर्षं टांगा हाकलेला माणूस. रिक्षांनी टांगे संपवले तेव्हा त्यांनी टांगा विकला, घोडा विकला नाही. त्यांच्या चार पिढ्या पुण्यात गेल्या होत्या आणि मराठी इतकं स्वच्छ की त्यांचा 'ळ' ऐकून सदाशिव पेठेनं शिकवणी लावावी. ते सदऱ्याची वरची गुंडी लावून तट्टूसह क्लबच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आम्ही दोघं कामाला आलो आहोत."

सेक्रेटरींनी तट्टूकडे पाहिलं, मग चाचांकडे. दोघांचंही वय त्यांना पटलं नाही.

"अहो, बघू," ते म्हणाले. "हिवाळ्यात स्पर्धा आहे. तोवर राहा. तट्टू चाललं तर दोघंही इथंच. नाही चाललं तर विकून टाका, माथेरानचा व्यापारी त्याचे दात बघून गेलाच आहे."

"तो घोडा नेईल. मला नेणार नाही," चाचा म्हणाले.

"नाही नेणार," सेक्रेटरी म्हणाले, आणि चहा प्यायला गेले.

म्हणजे ठरलं. स्पर्धा बिघडली की हा म्हातारा एकीकडे आणि त्याचं तट्टू डोंगरावर, पर्यटकांची पोरं पाठीवर घेऊन. आणि ते तट्टू पळवायची जबाबदारी कुणावर? संघातल्या सर्वांत दणकट मुलीवर.

आम्हाला शिकवायला एक निवृत्त रिसालदार होते. मिशी अशी की एका टोकाला बसलेली चिमणी दुसऱ्या टोकाच्या चिमणीला ओळखत नसे. सरावाच्या पहिल्या दिवशी त्यांनी उजवा हात उंच केला आणि गरजले, "सुटा!" तीन तट्टं सुटली. माझं सरळ रिसालदारसाहेबांकडे गेलं, त्यांच्यापुढे आडवं झालं आणि त्यांना चढायला सोयीचं पडेल असं उभं राहिलं.

मी टाचा मारल्या, लगाम ओढला, गोंजारलं, शिव्या दिल्या, गूळ दाखवला. तट्टू हललं नाही. बाजूनं कात्रजकडचा आमचा साथीदार आपलं तट्टू नाचवत परत आला. घरची तीस एकर जमीन, बैलाच्याही पाठीवर बसून शर्यत मारलेला गडी. मला तो शेटाणी म्हणायचा.

"आगं शेटाणी, ह्ये काय, बसथांबा हाय व्हय?"

चाचा कुंपणापाशी बसून शांतपणे खरारा साफ करत होते. तिथूनच म्हणाले, "सवारीनं हात केला, घोडा थांबला. तुमचे रिक्षावाले थांबत नाहीत, तो त्यांच्यावरचा संस्कार."

"मग आता निघणार कधी?" मी विचारलं.

"सवारी बसली की. नाही तर सवारीनं नको म्हणून पाठ फिरवली की. भाव पटला नाही तर माणूस पाठ फिरवतो, हे त्याला कळतं."

लढाईत शत्रूला पाठ न दाखवल्याबद्दल ज्यांच्या छातीवर पदक होतं, त्या रिसालदारसाहेबांना त्या सकाळी एका टांग्याच्या तट्टूला पाठ दाखवावी लागली. त्यांनी ती दाखवली. तट्टू तत्काळ असं सुटलं, की माझी वेणी मागे राहिली आणि मी पुढे गेले.

कारण पळायला ते वाईट नव्हतंच. उलट या खेळासाठी देवानं घडवावं तसं होतं. पायमोज्याच्या शर्यतीत बाकीच्यांची तट्टं स्वार खाली उतरला की भिंगरीसारखी फिरायची, आणि स्वार एका रिकिबीत पाय अडकवून लंगडी घालत त्यांच्याभोवती प्रदक्षिणा करायचे. माझं खांबासारखं उभं. मी सावकाश उतरावं, मोजा घ्यावा, दम खावा, चढावं, साडीच्या निऱ्या असत्या तर त्याही नीट कराव्यात. सवारी नीट बसल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हा चाळीस वर्षांचा धंद्याचा नियम. चाळीस वर्षांत तट्टू एकच कसं, असं विचारू नका. चाचांना विचारलं होतं तेव्हा त्यांनी मला दिवसभर लीद उचलायला लावली होती.

फक्त तेवढा वर झालेला हात. डोळ्यांना झापडं लावायला नियमांत मनाई होती, आणि लावली असती तर त्याला खांबही दिसले नसते. तेव्हा तट्टूला बदलण्यापेक्षा पुण्याला बदलणं सोपं, असं चाचांनी ठरवलं.

स्पर्धेच्या सकाळी ते गुंडी लावून प्रेक्षकांत प्रत्येकासमोर गेले. "आपल्याला विनंती आहे. शर्यत चालू असताना हात वर करू नये."

"आम्ही करणार नव्हतोच," पहिल्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले. "हात वर करण्याजोगं काही दिसेल असं वाटत नाही."

पुण्याचे प्रेक्षक ही काळजीची बाब नव्हती. काळजी होती अण्णांची. ते आपल्या मुलीचा पराक्रम पाहायला अर्धं मार्केट यार्ड ट्रकमध्ये घालून घेऊन आले होते. साठ व्यापारी आणि हमाल, सगळे दिवसभर ओरडून पोट भरणारे. तोंडाबरोबर त्यांचे हात उठणारच. अण्णांनी मात्र क्षणात तोड काढली. यार्डात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी रीत होती. "समजा भाव चाललाय," अण्णा म्हणाले, "सगळ्यांनी हात रुमालाखाली." आणि खरोखर साठ माणसं मांडीवर रुमाल पसरून, हात त्याखाली घालून बसली. शेजारच्या बायकांना वाटलं, ही काहीतरी पूजा असावी.

संघ पाच आले होते, पण खरी गाठ होती मुंबईच्या संघाशी. त्यांची तट्टं अंगावर शाली पांघरून आली होती आणि प्यायचं पाणीही बरोबर घेऊन आली होती. खडकवासल्याच्या पाण्याला नाक मुरडणारा जीव मी तोवर पाहिला नव्हता, माणसांतही. पण पळायची बेफाम. खांब त्यांनी जिंकले, टांगलेले मग आम्ही. पायमोजे आम्ही असे जिंकले, की मुंबईची एक मुलगी अजून लंगडी घालत होती आणि माझी खोगिरावर बसून वेणी पुन्हा घालून झाली होती. रुमालांखाली यार्ड नुसतं धुमसत होतं. एकही हात वर आला नाही. सेक्रेटरीसुद्धा चाचांना म्हणाले, "चालतंय की हो तुमचं तट्टू."

"घोडा," चाचा म्हणाले.

पुढची शर्यत मुंबईनं मारली, गुण बरोबरीत आले आणि राहिली एकच शर्यत, झेंड्यांची. झेंडा घेऊन टोकाला जायचं, तो पिंपात रोवायचा, दुसरा उपसून आणायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचा. मी शेवटची. कात्रजकर माझ्याआधी. तो असा आला की तट्टूच्या चारी टापा जमिनीला लावायला विसरला असावा. मुंबई दहा हात मागे.

"पळीव शेटाणी, म्हाताऱ्यासाठी पळीव!" असं म्हणत त्यानं झेंडा माझ्या मुठीत कोंबला.

मी पळवलं. झेंडा रोवला, दुसरा उपसला, वळले. समोर रेषा, तिच्यापलीकडे चाचा, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधलेले. आता फक्त साठ पावलं.

आणि त्याच घटकेला, ठरल्या वेळेच्या अडीच तास उशिरा, प्रमुख पाहुणे मोटारीतून उतरले. गळ्यात झेंडूचा हार होता. लोकांनी निवडून दिलेला माणूस. समोर माणसं दिसली की त्यांचा हात आपोआप वर जायचा, माझ्या तट्टूचे पाय आपोआप थांबायचे तसाच.

हात वर गेला. तट्टूनं कान टवकारले, आखलेली पट्टी सोडली, मैदानाची दोरी ओलांडली आणि पाहुण्यांपुढे आडवं उभं राहिलं.

"वा!" पाहुणे म्हणाले.

"साहेब, नको म्हणा!" चाचा लांबून ओरडले.

"काय नको म्हणू?"

"सवारी नको म्हणा! आणि पाठ फिरवा!"

पाहुण्यांचा चेहरा गंभीर झाला. "आजोबा, मी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही, आणि जनतेकडे पाठ फिरवणं माझ्या रक्तात नाही." त्यांच्या मागच्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. तट्टू निवांतपणे झेंडूचा हार खायला लागलं. मी वर बसून झेंडा धरलेला, एखाद्या पुतळ्यासारखी, फक्त खाली उद्घाटनाची फरशी तेवढी नव्हती. मुंबईनं शर्यत संपवली. मग बाकीच्या तिघांनी संपवली. मुंबईच्या तट्टूंनी मुंबईचं पाणी प्यायलं.

शेवटी एक फोटोवाला धावत आला. "साहेब, जरा इकडे बघा." साहेबांनी कॅमेऱ्याकडे तोंड केलं, म्हणजेच तट्टूकडे पाठ. सवारीला भाव पटला नव्हता! तट्टू उधळलं ते थेट रेषेपार. पाच संघांत आमचा क्रमांक पाचवा. सहावा असता तर तोही आलाच असता. दोरी ओलांडली म्हणून पंचांनी तो पाचवाही काढून घेतला.

मी उतरले तेव्हा चाचा खोगीर सोडत होते. एकच पट्टा ते तिसऱ्यांदा सोडत होते. सेक्रेटरी तोंड घट्ट मिटून आमच्याकडेच निघाले होते. माथेरानचा व्यापारी मोठा धूर्त, तोही त्या दिवशी हजर होता आणि सेक्रेटरींच्या मागोमाग चालत होता.

तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला. पाहुणे बोलायला उभे राहिले होते.

"शर्यती काय, रोजच होतात," ते म्हणाले. "पण एका मुक्या जनावरानं हातातला विजय सोडून लोकांच्या सेवकाला मानवंदना दिली! हे पुण्याचे संस्कार! कुणी शिकवलं हे त्याला?"

सेक्रेटरी जागच्या जागी थांबले. क्लबच्या जमिनीच्या कराराची मुदत संपत आली होती आणि तो कागद पाहुण्यांच्याच टेबलावर पडून होता, हे तबेल्यातल्या माशांनाही माहीत होतं.

चाचा खोगीर टाकून पुढे झाले. "साहेब, मानवंदना नाही. त्याला वाटलं की आपण..."

मी त्यांच्यापुढे आडवी झाले. दणकट असण्याचा आयुष्यात पहिल्यांदाच उपयोग झाला, माझ्यामागे चाचा संपूर्ण दिसेनासे झाले. "यांनी शिकवलं, साहेब!" मी अशी ओरडले की ध्वनिक्षेपकाची गरज उरली नाही. "आठ महिने शिकवत होते! सेक्रेटरीसाहेबांच्या सांगण्यावरून!"

पाहुण्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. "अशी माणसं जपायला हवीत."

"अहो, जपलीच आहेत की," सेक्रेटरी म्हणाले. "कायमची."

व्यापारी बिचारा भजी खायला निघून गेला. यार्डानं रुमाल उडवले आणि साठ लोकांनी दिवसभराचे हात एकदम वर केले. नशीब माझं, तट्टूचं तोंड भिंतीकडे होतं.

मला वाटलं, चाचा आता माझ्या डोक्यावर हात ठेवतील. ते माझ्याशी बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी चंदीचं पोतं घेऊन गेले तर म्हणाले, "ठेवा," आणि मला अहोजाहो करणं ही त्यांची सर्वांत मोठी शिवी होती. चौथ्या दिवशी मी तबेल्याच्या दारात आडवी उभी राहिले.

"चाचा, मी वाईट काय केलं? दोघंही राहिलात ना?"

"राहिलो," ते म्हणाले. "चाळीस वर्षं या घोड्याच्या नावावर मी जास्तीचे चार आणे घेतले नाहीत. तुम्ही त्याच्या नावावर मानवंदना घेतलीत."

मी दारातून बाजूला झाले.

मग सरावही दहा-बारा दिवस बंद राहिला. चाचा तट्टूला पहाटे एकटेच मैदानावर न्यायचे, कुणाला येऊ द्यायचे नाहीत. मला निरोप आला तो थेट रविवारी, सकाळी लवकर ये म्हणून. गेले. मैदानावर कुणी नव्हतं. चाचांनी तट्टूला माझ्यासमोर उभं केलं, त्याच्या खांद्याला दोन बोटं लावली आणि हलकेच जीभ वाजवली. तट्टूनं उजवा पाय पुढे टाकला, डावा मुडपला, मान खाली नेली आणि नाक जवळजवळ मातीला टेकवलं. तसंच राहिलं, चाचांनी बोटं काढेपर्यंत.

"झालं," ते म्हणाले. "आता तू बोललीस ते खरं आहे." आणि लगाम माझ्या हातात दिला. "पण पुढच्या वेळी थाप मारायच्या आधी मला विचारत जा, बेटी. शिकवायला वेळ लागतो."