मुक्ताने आज वेबसाइट थांबवली

मंडळी, आज दाल बाज़ारातल्या एका शेठजींची ऑर्डरची वेबसाइट सुरू व्हायची होती. ती बनवणाऱ्या टीममधली माझी लेक मुक्ता ऐन वेळी म्हणाली, “थांबा.” मी तिला शेठजींकडे सोडायला गेलो होतो, त्यामुळे समोरच होतो.

शेठजी लॉगिन होतेच. मुक्ताने त्यांना दुसऱ्या टॅबमध्ये स्वतः बनवलेलं एक पान उघडायला लावलं. लगेच त्यांच्या खात्यातला पत्ता बदलून आमच्या थाटीपुरच्या घराचा झाला.

“बेटा, मैंने तो कुछ दबाया ही नहीं.”

“वही तो, अंकल. हुक्म मेरे पेज ने भेजा, साइट ने आपका समझ लिया.”

तिने फॉर्मला गुप्त टोकन जोडलं, म्हणजे फक्त साइटच्या स्वतःच्या पानालाच ठाऊक असलेली खूण. तेच पान पुन्हा उघडलं, पत्ता हलला नाही.

शेठजी टीमला म्हणाले, “बाक़ी फ़ॉर्म भी देखो. साइट तब खुलेगी, जब बिटिया हाँ कहेगी.”

तुमच्या लेकीने कधी असं सगळ्यांना थांबवलंय?