दोन मिनिटांचा थांबा

साहेब जिल्हा परिषदेत होते तेव्हापासून त्यांचे कागद मीच लिहायचो आणि ते न वाचता खिशात घालायचे. "तू लिवलं ना? मंग झालं." आमदार झाले तरी तेच. खासदार होऊन दिल्लीला गेले, तिथंही तेच. या भरवशाचं मी काय केलं ते आजवर फक्त बायकोला माहीत होतं.

तिचं माहेर काटोलच्या पुढच्या एका लहानशा स्टेशनाजवळ. आमची गाडी तिथून धडधडत निघून जायची. काटोलला उतरा, बस धरा, मग पिशव्या घेऊन पायी चाला. दर दिवाळीला ती ऐकवायची, "एवढा मोठा साहेब तुमचा, अन् एक गाडी थांबवता येत नाही? काय कामाची बाई ती दिल्ली!"

त्या वर्षी काटोलकडे संत्री झाडावरच पिवळी पडून गळाली. साहेबांनी भर फळबाजारात शब्द दिला, "बुधवारी टीव्ही लावून बसा. तुमची भरपाई संसदेत मांडतो." संसदेत खासदाराला लेखी विषय आठवड्याला एकच देता येतो. मी दोन कागद तयार केले, एक संत्र्याचा, एक बायकोच्या स्टेशनावर गाडीला थांबा मागणारा. द्यायच्या दिवशी सकाळीच सासूबाईंचा फोन आला. गुडघे फार दुखत होते त्यांचे, आमच्याकडे यायला बसपर्यंत चालवत नव्हतं. संत्री काय, पुढच्या आठवड्यात देऊ, असं म्हणून मी थांब्याचा कागद देऊन टाकला.

बुधवारी साहेब उभे राहिले, चष्मा लावला, आणि प्रचारसभेतला आवाज काढून आपल्या नागपुरी हिंदीत वाचू लागले, "वहाँ की माता-भगिनी कब तक पैदल चलेंगी?" वाक्य माझंच. माझ्या सासूच्या गुडघ्यांसाठी ते भारत सरकारपुढे अगदी कळवळून बोलले.

बाहेर येतात तोच काटोलचा फोन. "साहेब, आमच्या संत्र्यायले आता गाडीत बसवून फिरवता काय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"संत्री पुढच्या आठवड्यात आहेत, साहेब," मी म्हणालो.

पुढचा आठवडा गोंधळात गेला, सभागृह रोज तहकूब, आणि अधिवेशनच संपलं.

थांबा मात्र मिळाला. बँड आला, फलाटावर साहेबांच्या नावाचा फलक लागला. गाडी थांबली आणि चढली एकच बाई, माझी सासू. साहेबांनी स्वतः तिची पिशवी वर ठेवली. पत्रकारांना म्हणाले, "या माउलीले विचारा, किती गरज होती!" मी पाण्याच्या टाकीमागे उभा होतो.

पुढची निवडणूक साहेब हरले. काटोलनं पाडलं. "काहून असं केलं गा त्यायनं?" त्यांनी मला विचारलं.

"हवाच तशी होती, साहेब."

मागच्या महिन्यात मात्र राहवलं नाही. ते ओसरीवर संत्रं सोलत बसले होते. मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे दिल्लीत माह्या हातून एक काम झालं," ते सावकाश म्हणाले, "अन् ते तुह्या सासूचं?"

"हो."

"अन् काटोलवाल्यायचं राहूनच गेलं."

सोललेलं संत्रं त्यांनी तसंच खाली ठेवलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

"नाव घालून कुठं लिवू नको," ते म्हणाले. "फलक अजून तिथं आहे." मग म्हणाले, "सासू येते काय अजून?"

"दर महिन्याला, साहेब. पंधरा दिवस राहते."

"मंग भोग."