लांब बाह्या

काजवाल्या मावशींचा आवाज गल्लीत कधी कुणी ऐकला नव्हता. तीस वर्षं त्या शिंप्यांच्या दुकानांतून शर्टांचे गठ्ठे घरी आणत, खिडकीपाशी बसून काजं करत, बटणं लावत आणि तोंड बंद ठेवत. नवरा गेला, डोळे अधू झाले, भाड्याच्या खोल्या बदलल्या. देवापुढे हात जोडून "तू आहेस ना" म्हटलं की त्यांचं गाऱ्हाणं संपायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनी लेकीला बाराखडीच्याही आधी शिकवलं होतं.

त्याच लेकीच्या घटस्फोटात आता मावशींना साक्षीला उभं राहायचं होतं. लेक मार खाऊन परत आलेली. जावयाचं म्हणणं, मी बोटसुद्धा लावलं नाही, ही उगाच माहेरी बसलीय, हिनं नांदायला यावं. दोघांच्या घरात तिसरं माणूस नव्हतं. लेकीच्या बाजूनं बोलायला उरली ती आई एकटी. तिची साक्ष टिकली तर सुटका, नाहीतर पुन्हा तेच घर.

लेकीच्या वकीलबाईंनी आदल्या दिवशी समजावलं. "विचारतील तेवढंच बोलायचं. समोरचा वकील डिवचेल, चिडायचं नाही. निकाल उद्याच लागत नसतो, तेव्हा रडायचंही नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मावशी, एखादा वळ, एखादी सूज, कधीतरी दिसलीच असेल. नीट आठवा."

"नाही हो दिसली."

"आठवून तरी बघा."

"देवाची शपथ घ्यायची ना तिथं? मग न दिसलेलं कसं आठवू?"

लेकच मध्ये पडली. "राहू द्या मॅडम. तिला खोटं जमत नाही. लगेच घाम फुटतो."

कोर्टात दहाला हजर व्हा म्हणाले होते, तीन वाजले तरी पुकारा नाही. बाकावर शेजारी एक टक्कल पडलेले गृहस्थ डबा खात बसले होते. "पहिल्यांदाच का?" त्यांनी विचारलं. "सवय होईल. आमचा संसार चार वर्षं टिकला, खटल्याला नववं लागलंय. जोडा म्हणाल तर माझा नि खटल्याचाच जमला!"

मावशींना हसू आलं आणि हसल्याची लाजही वाटली. तेवढ्यात जावई समोर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. "आई, गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत," मावशी सवयीनं बोलून गेल्या. लेकीनं मान फिरवली.

मावशींनी पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेतली. जावयाचा वकील मात्र आवाज न चढवता विचारत होता. "मुलीच्या अंगावर माराची खूण तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीत?"

मावशींना तो भर उन्हाळा आठवला. लेक दोन कुडते घेऊन आली होती. "आई, बाह्या मनगटापर्यंत करून दे." एवढ्या उकाड्यात कशाला, हे मावशींनी विचारलं नाही. जुळतं कापड शोधलं, जोड दिसणार नाही असा लावला, मनगटाशी काज-बटण केलं. वर कौतुकानं म्हणाल्या, "बघ, कळतसुद्धा नाही."

"तिनं माझ्याकडून बाह्या लांब करून..."

"बाह्यांचं नाही विचारलं मी. खूण पाहिलीत? हो की नाही?"

"नाही."

"नवरा मारतो, असं मुलीनं कधी सांगितलं तुम्हाला?"

बाह्या लावून झाल्या त्याच दुपारी लेक म्हणाली होती, "आई, तुला एक सांगायचंय." मावशींनी कप पुढे सरकवला. "आधी चहा घे. घरोघरी मातीच्याच चुली गं बाई." लेकीनं चहा प्यायला, कुडते पिशवीत घातले आणि ती गेली.

"सांगत होती, पण मीच..."

"हो की नाही?"

"नाही."

न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगितलं, "लिहा. हे खरे आहे की, मी मुलीच्या अंगावर खूण पाहिलेली नाही. हे खरे आहे की, मुलीने मला मारहाणीबद्दल कधीही सांगितले नाही."

वकीलबाई उठल्या. "मावशी, का नाही सांगितलं तिनं?"

"मी सांगू दिलं नाही." मावशींचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "मला कळलं होतं, साहेब. बाह्या शिवतानाच कळलं होतं. मीच तिचं तोंड दाबलं. चहा देऊन दाबलं."

टायपिस्टची बोटं थांबली. जावयाचा वकील अर्धवट उठून म्हणाला, "म्हणजे अंदाज होता. पाहिलेलं, ऐकलेलं काही नाही."

न्यायाधीशांनी मावशींकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "लिहा. मला शंका होती. मला प्रत्यक्ष माहिती नाही."

कागद पुढे आला. मावशींनी चष्मा पुसून दोनदा वाचला. एक शब्द खोटा नव्हता. बाह्या कुठेच नव्हत्या, चहाही नव्हता. त्यांनी सही केली.

बाहेर वकीलबाई घाईत होत्या. "पुढची तारीख दोन महिन्यांनी. बघू आता काय होतंय ते."

पायऱ्यांवर मावशी थांबल्या. "त्या दिवशी काय सांगणार होतीस गं? आता सांग."

लेकीनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "आता नको आई. बस चुकेल."

ती पुढे झाली. बस खरंच उभी होती, तरी आईच्या गुडघ्यांच्या बेतानं ती हळूहळूच चालत राहिली.