ग्रुपवर टाकलं होतं!

आमच्या बोईसरच्या केमिकल कंपनीतलं काही सांगायला लागले की घरचे म्हणतात, "काहीतरीच काय!" माझाही विश्वास बसला नसता. पण मी नि हेमा, दोघी तिथे पार्टटाइम पॅकिंगला. मी उमरोळीची, ती किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली. हेमाचं मागणं एकच. "बाकी काय नको, पन चाललंय काय ते आमाला सांगा!"

* * *

एकदा सकाळी उन्हातान्हातून पोहोचलो, तर गेटला कुलूप! वॉचमन खुर्चीतूनच म्हणाला, "आज छुट्टी है. ग्रुप पे डाला था."

"कोनच्या ग्रुपवर?"

"परमनंटवाला!"

असा ग्रुप आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

* * *

सुपरवायझर राऊतसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्यासाठी नोटीस बोर्ड आहे की!"

बोर्ड कँटीनमध्ये, आणि कँटीनमध्ये पार्टटाइमवाल्यांना मनाई. म्हटलं, मग आम्ही वाचायचं कसं?

"तेही बोर्डावर लिहिलंय," साहेब म्हणाले.

* * *

मग हेड ऑफिसातून एक मॅडम आल्या. कामगारांशी संवाद कसा सुधारायचा, यावर मीटिंग. वेळ तीनची, आम्ही सुटतो एकला! हेमा हट्टाने थांबली. राऊतसाहेबांनी तिला दारातच अडवलं.

"आत पार्टटाइमवाल्यांच्या अडचणींवर चर्चा चाललीय. मध्ये येऊ नका!"



* * *

आणि हे सांगताना तर अजून अंगावर काटा येतो. आम्ही मागच्या शेडमध्ये पॅकिंग करत होतो. मशीनचा आवाज एवढा की दुसरं काही ऐकू येत नाही. तेवढ्यात हेमाच्या खिशातला फोन थरथरला. तिची आई. ती गेटसमोर सुकी मासळी विकते. हेमाने स्पीकर लावून फोन दोघींच्या कानांमध्ये धरला.

"अगो, समदी मानसं नाकाला रुमाल लावून भायेर उभी हायत. गॅस सुटलाय म्हनतात. तू कुठं हायस?"

हातातले खोके टाकून आम्ही धावत सुटलो. डोळे चुरचुरत होते, श्वास घेववत नव्हता. गेटबाहेर सगळे रांगेत उभे. राऊतसाहेब पाठमोरे, मोठ्या साहेबांशी फोनवर बोलत होते.

"हो सर, ग्रुपवर लगेच टाकलं. सगळे बाहेर आले. आत कुणीही नाही!"

हेमाने खोकत खोकत त्यांचा हात धरला. "सायेब, आमी दोघी आत्ता आलो!"

साहेबांनी फोनवर तळहात ठेवला.

"हळू बोला! रिपोर्ट वर गेलाय."